आमच्या घरी सगळ्यांना दिसतं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही, आणि नम्रपणाचंही नाही.

एकतीस वर्षं चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर गुणवंतरावांच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, या गावी येऊन राहिलो, मूल या तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटर. दोन वर्षं झाली. गाव अजून सुधारलेलं नाही. माझे प्रयत्न चालू आहेत.

बातमी: यंदा मंडईचं नाटक माझं. दरवर्षी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, वडशाहून झाडीपट्टीची नाटक कंपनी येते, रात्रभर नाटक, मध्येच नाच, मध्येच चावट विनोद. यंदा वाघ शिवारात तीनदा दिसला, त्यामुळे अंधार पडल्यावर कोणी घराबाहेर पडायचं नाही असं ठरलं. कंपनीने दुपारच्या खेळाला नकार दिला. ग्रामसभेत सगळे हळहळत होते. मी उभी राहून म्हटलं, नाटक मी देते. सगळे गप्प झाले. आनंदाने.

नाटक तयारच आहे. नाव 'पाळ'. एक राजा तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, महाल बांधतो. पाळ खचते आहे. राजाचे दोन्ही डोळे धडधाकट, पण त्याला भेग दिसत नाही. एक आंधळा साधू आहे, त्याला आतलं पाणी ऐकू येतं. तो सांगतो, राजा त्याला हाकलून देतो. पाळ फुटते, राजकन्या वाहून जाते, राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो. तत्त्व ग्रीक, तळं आपलं.

संकल्प: प्रॉम्प्टर बंद. इकडे नट पाठांतर करतच नाहीत. पडद्याआड बसून प्रॉम्प्टर वाक्य वाचतो, मग नट तेच ओरडतो. एकेक वाक्य गाव दोनदा ऐकतं. माझ्या नाटकात हे चालणार नाही.

गुणवंतराव हल्ली पेपर मला मोठ्याने वाचायला लावतात. म्हणे, तू वाचली का बरं वाटते. अडतीस वर्षांनी का होईना, माझ्या उच्चारांची किंमत कळली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पात्रं ठरली. राजा हेमराजभाऊ. सरपंच आहे, राईस मिलचा मालक आहे. आवाज मिलमध्ये घडलेला, यंत्र बंद असलं तरी ओरडूनच बोलतो. राणी दिव्यानी, आरोग्य खात्याची आमची आशाताई. ग्रीक नाटकात वृंद लागतो, तो म्हणजे शेजारची रुखमाबाई आणि तिच्या धान कापणाऱ्या टोळीतल्या सात बायका. एका रांगेत पुढे सरकायची सवय आहे. अर्धी तालीम झाल्यातच जमा.

साधू मिळेना. तर गुणवंतराव म्हणाले, मी करतो. मी थक्क. भूमी अभिलेखात बत्तीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस, नकाशावर केसाइतका फरक पकडायचा. (हे मी सगळ्यांना सांगते. खरं आहे म्हणून सांगते.) म्हटलं, तुमच्यासारख्या नजरेच्या माणसाला आंधळा करणं मला जड जाईल. म्हणाले, पाहू, जमते का.

दिव्यानीने विचारलं, मॅडम, पाळ खचून राह्यली हे राजा सोडून साऱ्याइले मालूम आहे, समोर बसनाऱ्याइले बी मालूम आहे, मंग राजाले कोनी सांगत काऊन नाई? मुलीत चमक आहे. मी समजावलं की यालाच शोकनाट्य म्हणतात. जो सांगतो त्यालाच राजा आंधळा ठरवतो. शिवाय राजा रागावतो. दिव्यानी गुणवंतरावांकडे बघत राहिली. मुद्दा पटलेला दिसला.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ४

मुखरू येऊन गेला. चाळीस वर्षं झाडीपट्टीत प्रॉम्प्टर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. प्रॉम्प्टर बंद केल्याचं त्याला लागलं आहे. म्हणाला, बाई, नाटक पाहून नाई होत, ऐकून होते. मागं बसनाऱ्याइले काई दिसत नाई, तरी रडतेत. मी म्हटलं, मुखरू, तुमचा जमाना संपला. म्हणाला, हो बाई, आता तुमचा सुरू झाला. मग ओट्यावर गुणवंतरावांशेजारी बसला आणि दोघं बराच वेळ हसत होते. कशाला, कोण जाणे. म्हातारी माणसं.

पहिली तालीम झाली. गुणवंतरावांचा आंधळा मुळीच पटला नाही. नुसते हळूहळू चालतात, पाय घासत, मान एका बाजूला. आंधळे असे चालत नाहीत. मी करून दाखवलं: दोन्ही हात पुढे, हनुवटी वर, चेहऱ्यावर आतला प्रकाश. चालता चालता पेटीवर पडले, तो भाग वेगळा. पेटी चुकीच्या जागी होती.

गुणवंतराव सकाळी दुधाला जातात ते दीड तासाने परततात. डेअरी चारशे पावलांवर आहे. वाटेत मुखरूचं घर आहे. जाब विचारला पाहिजे. उद्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जाब विचारायचा राहिला, कारण गुणवंतराव आज फारच गोड वागले. लग्नाला जायचं म्हणून मी नवी साडी नेसले. म्हणाले, हिरवा रंग तुले शोभते. साडी लाल आहे. पण पुरुषांना रंगातलं काय कळतं? बोलले, हे महत्त्वाचं. गेल्या वर्षी मी केस रंगवणं सोडलं तेव्हाही हा माणूस एका शब्दाने बोलला नव्हता. याला प्रेम म्हणतात.

आणि रस्त्याने जाताना त्यांनी माझं कोपर धरलं! भर रस्त्यात! अडतीस वर्षांत कधी नाही. लोक बघत होते. बघू देत. घरापासून मांडवापर्यंत धरून चालले. मला मध्येच हसू येत होतं, ते खोकल्यात दडवलं.

वाटेत धानाच्या एका बांधीत उभ्या असलेल्या बुजगावण्याला त्यांनी राम राम घातला. विनोदबुद्धीही परत आली म्हणायची.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११

दिव्यानी रजिस्टर घेऊन दारात. मंडईच्या दिवशी, म्हणजे सात डिसेंबरला, शाळेच्या मैदानावर डोळ्यांचं मोफत शिबिर. माझ्याच मैदानावर! माझ्याच दिवशी! ज्यांना ऑपरेशन लागेल त्यांना संध्याकाळच्याच गाडीने चंद्रपूरला दवाखान्यात नेणार.

घरात साठीच्या वरचं कोणी आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरी सगळ्यांना दिसतं. ती हलेना. म्हणाली, भाऊचं नाव तरी लिहून घेतो. मी म्हटलं, अगं, केसाइतका फरक पकडणारा माणूस तो. आतून गुणवंतराव ओरडले, जाऊ दे वो दिव्यानी.

मी म्हटलं, शिबिर पुढे ढकला. ती म्हणाली, पुढचं थेट उन्हाळ्यात येनार मॅडम, गावात एक जन असा आहे, त्याचा मोतीबिंदू पार पिकून गेला, उन्हाळ्यापर्यंत थांबला त नजर कायमची जाईन. मी म्हटलं, कोण, नाव सांग. सांगेना. म्हणजे कोणी नाहीच. सरकारी कामात असली माणसं उभी करतात.

सरपंचांना पत्र लिहिलं, दोन पानी. शिबिर रद्द करा किंवा दुसऱ्या गावी न्या. कलेच्या आड कोणी येऊ नये.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हेमराजभाऊने पत्र परत केलं. माझ्यासमोर कधी नाही म्हणत नाही, आज म्हणाला. मॅडम, शिबिर नाई हटनार, पाहिजे त राजा दुसरा पाहा. मी विचारलं, एवढं कोणासाठी? तो छताकडे बघायला लागला. शेवटी तडजोड: शिबिर एकपर्यंत, नाटक दोनला, प्रमुख पाहुणे डोळ्यांचे डॉक्टर. शिवाय राजाच्या दरबारात एक नाच. माझ्या शोकनाट्यात नाच! मी ठामपणे नकार दिला. नाच दुसऱ्या अंकात आहे.

दुपारचा खेळ म्हणजे माझी प्रकाशयोजनाही गेली. शेवटी राजा डोळे फोडून घेतो तेव्हा पूर्ण काळोख करायचा होता. आता तो दुपारी चार वाजता लख्ख उन्हात आंधळा होणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मला जे सुचलं ते अथेन्समध्येही सुचलं नसतं. वाघ पाठीमागून झेप घेतो म्हणून धान कापताना डोक्याच्या मागे लावायला बायकांना मुखवटे मिळाले आहेत. मोठे वटारलेले डोळे, मिशा. ग्रीक वृंदाला मुखवटे असतातच! फुकट!

तालमीत लावून पाहिले. मागे लावायचे असल्यामुळे त्यांना डोळ्यांची भोकंच नाहीत. आठही जणी एकमेकींवर. रुखमाबाई म्हणाली, मॅडम, दिसत नाई वो काई. मी म्हटलं, वृंदाला दिसायची गरज नसते, तो प्रतीकात्मक असतो. ती म्हणाली, पडलो का हाड बी प्रतीकात्मक मोडते का? बाईच्या जिभेला हाड नाही. असली माणसं मला सहन होत नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. रात्री जेवणानंतर

शब्द सुचत नाहीत. गुणवंतराव भूमिकेत शिरले आहेत! आणि बाहेर यायला तयार नाहीत. घरीसुद्धा भिंतीला हात लावत चालतात. चहा ओतताना कपात बोट घालून ठेवतात, बोटाला चटका बसला की थांबतात. आज साखरेऐवजी मीठ पडलं, तरी शांतपणे प्यायले. परदेशात मोठमोठे नट असंच करतात म्हणे. हे सगळं माझ्या एका प्रात्यक्षिकातून.

तालमीत सर्वांचे डोळे ओले झाले. मी म्हटलं, पाहिलंत, याला दिग्दर्शन म्हणतात. दिव्यानी नाक पुसत बाहेर गेली.

त्यांनी रंगमंच पावलांनी मोजून घेतला आहे. प्रवेशापासून तळ्याच्या पाळीपर्यंत नऊ पावलं (पाळ म्हणजे हेमराजच्या मिलमधली धानाची पोती), तिथून वळून राजापर्यंत चार. जन्माचा मोजणीदार!

अडचण एकच, आता त्यांच्यावरून माझी नजर हटत नाही, आणि इतर नटांकडे दुर्लक्ष होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

कोणालाही काहीही पाठ नाही. हेमराजभाऊ तिसऱ्या वाक्यावर थांबतो आणि सवयीने पडद्याकडे कान लावतो. दिव्यानी राणीची वाक्यं विसरली की लसीकरणाची तारीख सांगते. एकटे गुणवंतराव बिनचूक. स्वल्पविरामासकट. त्यांना दिलेली प्रत उघडून पाहिली तर पानं चिकटलेलीच. एकदाही उघडलेली नाही. वाचल्याशिवाय पाठ! प्रतिभा दुसरी काय असते?

मुखरूने एक विनंती केली. खेळाच्या दिवशी फक्त रंगमंचाखाली धानाच्या तणसावर बसून ऐकू द्या. त्या म्हाताऱ्याचा तेवढा मान ठेवायला हरकत नाही. मन मोठं ठेवलं.

६ डिसेंबर, शनिवार

मंडप उभा. ड्रमांवर फळ्या, पाठीमागे पडदा. शेजारी शिबिराचा तंबू, त्याचं बॅनर माझ्या बॅनरपेक्षा हातभर मोठं. सहन केलं.

गुणवंतराव सारखी काठी पुसत बसले आहेत. विचारलं तर म्हणाले, नाटक झालं का एक गोष्ट सांगतो तुले. मला ठाऊक आहे काय ते. या वयात शब्दांत सांगायची गरज नसते, पण ऐकून घेईन.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ५.५०

झोप नाही. मैदानावर जाऊन आले. पोती फारच पलीकडच्या टोकाला होती, समोरून त्यांचा अर्धचंद्र दिसत नव्हता. दोन माणसांकडून पाळ दोन हात अलीकडे, प्रवेशाच्या बाजूला घेतली. आता चित्र कसं देखणं दिसतं! दिग्दर्शकाचा डोळा म्हणजे हाच.

सायंकाळी ७.१५. चंद्रपूर. दवाखान्यातला बाक.

क्रमाने लिहिते.

दोनला पडदा उघडला. मैदान भरलेलं. पहिल्या चार रांगांतली माणसं नाटक सुरू होण्याआधीच डोळ्यांना पदर आणि दुपट्टे लावून बसलेली. मला भरून आलं. नंतर कळलं की शिबिरात त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, ऊन सोसत नव्हतं. त्यांनी नाटक डोळे मिटूनच ऐकलं.

वृंद आला. मुखवट्यांनी दोघींची टक्कर झाली. रुखमाबाई भर रंगमंचावर म्हणाली, पडून मरू का मी? आणि मुखवटा फिरवून मागे लावला. बाकीच्या सातही जणींनी लावला. त्यांनी पाठ केली की सोळा वटारलेले डोळे प्रेक्षकांकडे बघत. कोणीतरी वाघ, वाघ म्हणून ओरडलं. हशा.

पण पहिला अंक सुरळीत गेला! एक वाक्य अडलं नाही! प्रॉम्प्टरशिवाय! माझे डोळे पाणावले. त्या मैदानाचा प्रतिध्वनी मात्र विचित्र आहे. तो वाक्याच्या आधी येतो.

दुसरा अंक. नाच झाला. (दोनदा. वन्स मोअर.) मग साधू. गुणवंतराव काठी टेकत आले. सात पावलं छान. आठव्या पावलाला पायात पोतं.

पाळीवरून पलीकडे, फळ्यांवरून खाली, तबल्यावर.

मला वाटलं, हे लिहिलेलं नाही.

एवढंच वाटलं. हे इथे नोंदवून ठेवते. सगळे धावले. राणी मुकुटासकट उडी मारून खाली. राजा भाऊ, भाऊ करत मागोमाग. रंगमंचाखालून मुखरू निघाला, केसांत तणस, हातात माझ्या नाटकाची हाताने उतरवलेली प्रत. म्हणजे प्रतिध्वनी तो. मुखरू ओरडत होता, पोतं कोनी हटवलं? नऊ होते न? नऊ पावलं होते! मी विंगेत उभी होते. दोन हात अलीकडे.

गुणवंतराव उठून बसले. हवेत हात फिरवत म्हणाले, राजा कुठी आहे? लोकांना ते नाटकातलं वाटलं. दिव्यानीने त्यांना धरून उभं केलं. मग त्यांनी आपलं वाक्य म्हटलं: राजा, पाळ फुटली, मले ऐकू येते. मी 'मला' लिहिलं होतं. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या, डोळे मिटलेल्या म्हाताऱ्या ढसाढसा रडत होत्या.

मुखरू त्यांना सोडून हलेना. तो खाली नाही म्हटल्यावर राजाला एक शब्द आठवेना. तो उभा, दुपारचं ऊन, सगळं गाव त्याच्याकडे बघतंय. कोणीतरी वाक्य द्यायलाच हवं होतं. मी दिलं. मग पुढचं दिलं. तिसरा अंक सगळा मी दिला, विंगेतून, राजाचं, राणीचं, वृंदाचं. माझा आवाज वर्गात सगळ्यात मागच्या बाकापर्यंत जायचा. आज रस्त्यापर्यंत गेला. एकेक वाक्य गावाने दोनदा ऐकलं.

शेवटी डॉक्टर भाषणाला आले. माईक हातात. बोलायचं सोडून खिशातली बॅटरी काढली आणि गुणवंतरावांच्या डोळ्यांत प्रकाश टाकला. माईक चालू होता. म्हणाले, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, डाव्यातला पिकत आलाय, दाब वाढायला लागलाय. आणखी दोन महिने थांबला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. दिसत नाही कधीपासून? गुणवंतराव म्हणाले, दीड वर्ष झालं असन.

मी प्रेक्षकांकडे पाहिलं. एवढ्या माणसांपैकी एकालाही धक्का बसला नव्हता.

शेजारी रुखमाबाई उभी होती. विचारलं, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं? म्हणाली, हो त. मग मला कोणी सांगितलं का नाही? ती म्हणाली, भाऊनं शपथ घातली होती न. अन् राजाले सांगत नसतेत म्हनून तुमीच त सांगतलं मॅडम. राजा रागावते.

८ डिसेंबर, सोमवार. दवाखाना

माझ्या बाजूनेही काही मुद्दे आहेत.

त्यांनी तक्रार केली नाही. डोळ्यांतली पांढुरकी झाक मला वयाची वाटली. मी नाटकाच्या गडबडीत होते. शिवाय मी डॉक्टर नाही.

पेपर. लाल साडी. बुजगावणं. मीठ. दूध. दुधाला जाऊन मुखरूकडून माझं नाटक ऐकून ऐकून पाठ करत होते. दीड तास. रोज.

आंधळे असे चालत नाहीत, असं मी त्यांना सांगितलं होतं.

मुद्दे संपले.

९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी २

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. मी बाहेर बसून कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिनांनी शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या आणि मारुती स्तोत्रही. कुठे काय उपयोगी पडेल सांगता येत नाही.

पट्टी बांधलेली असताना विचारलं, माझ्यापासून का लपवलं? पट्टी चाचपली. मग म्हणाले, तू साऱ्याइले सांगत होती न, माझ्या माणसाची नजर केसाचा फरक पकडते. भलता आनंद होते तुले ते सांगताना. तो कसा मोडू? कधी सांगाच लागन म्हनून त नाटकात घुसलो. आंधळ्याचं काम केलं त तुले दिसन म्हटलं.

तालमी पंचवीस झाल्या. दोनदा मी त्यांना दहापैकी चार गुण दिले होते.

१० डिसेंबर, बुधवार. सकाळी १०

पट्टी काढली. गुणवंतरावांनी डोळा उघडला, मिचकावला, सगळीकडे फिरवला. पहिलं वाक्य: ते कॅलेंडर डावीकडं झुकलं आहे. नर्सने मोजपट्टी लावली. झुकलं होतं. एक सूत.

मी रडले. धुळीमुळे.

मग माझ्याकडे पाहिलं. बघतच राहिले. म्हणाले, अवं, तुझे केस कधी पांढरे झाले?

१२ डिसेंबर, शुक्रवार

नातेवाइकांची तपासणी मोफत होती, म्हणून नर्सने मलाही खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, जरूर बघा. मनात आशा होती की काहीतरी निघेल. थोडंसं जाळं, एखादा डाग, काहीही. गावाला सांगता आलं असतं.

निकाल: दोन्ही डोळे सहा बाय सहा. नर्स म्हणाली, या वयात इतके चांगले डोळे आम्ही वर्षात एखादेच बघतो. कागदावर शिक्का मारून दिला. कागद बॅगेच्या तळाशी ठेवला आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

गावी परत. डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात.

गुणवंतराव दूध दहा मिनिटांत आणतात. चहा बोट न घालता ओततात. पेपर स्वतः वाचतात, मनातल्या मनात. मी वाचायचा चष्मा लावून समोर बसले होते. म्हटलं, वाचून दाखवू का? म्हणाले, नाई, दिसते न आता.

मुखरू येऊन गेला. हेमराजभाऊने निरोप पाठवला की पुढच्या वर्षी वाघ असो नसो, कंपनीच बोलवू. पण गावाचं म्हणणं आहे की तिसऱ्या अंकातला प्रॉम्प्टर फार जोरदार होता. मुखरू म्हणाला, बाई, असा गळा चाळीस वर्षांत नाई ऐकला, माझी जागा तुमी घ्या. मी त्याला रागवायला तोंड उघडलं. मग त्याला चहा दिला. साखरेचा.

संकल्प: एकही नाही.

१७ डिसेंबर, बुधवार. सायंकाळी ५

मूलच्या बाजारात गेलो. बसमधून उतरल्यावर गुणवंतराव पुढे चालू लागले. हात मागे बांधून, पाट्या वाचत, दुकानांची नावं मोठ्याने म्हणत, एका पाटीवरची चूक त्या दुकानदाराला दाखवत. मी दहा पावलं मागे. कोपर माझ्याजवळच होतं.

भाजीच्या रांगेपर्यंत असंच चाललं. मग मी भराभर पावलं टाकून त्यांना गाठलं आणि त्यांचं कोपर धरलं. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या रस्त्याकडे, मग परत माझ्याकडे. दिवसाउजेडी, कोरडा, सरळ, बिनखड्ड्याचा रस्ता.

म्हणाले, काऊन, दिसत नाई का तुले?

मी म्हटलं, नाई.